अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी ट्रायल: कधी विचारावे, काय वाचावे, कुठे अडते

अन्ननलिकेच्या आजारात ट्रायलची, म्हणजे नव्या उपचाराच्या रुग्णांवरील चाचणीची, चौकशी करण्याची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दोन केमो होऊन गेल्यावर. बहुतेक घरांत नेमके तेव्हाच कोणीतरी म्हणते, 'एखादी ट्रायल आहे का बघूया.' तोवर बरीच दारे लागलेली असतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपचारांवरच्या जवळजवळ सगळ्या ट्रायलमध्ये 'या आजारासाठी आधी कोणताही उपचार झालेला नसावा' अशी अट असते. केमोचा एकच डोस लागला तरी ती अट मोडते आणि ती परत जोडता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: बायोप्सीचा रिपोर्ट, स्टेजिंगचे (आजार किती पसरला ते ठरवणारे) स्कॅन, ट्रायलची चौकशी, आणि मग पहिला उपचार. यात आठवडा-दहा दिवस जातात. घास उतरतच नसेल, रक्तस्राव होत असेल तर थांबू नका. पण तब्येत स्थिर असेल, तर एवढा अवकाश चालेल का, हे डॉक्टरांना थेट विचारा. बहुतेकदा चालतो.

आधी स्वतःचा खण ओळखा

'अन्ननलिकेचा कर्करोग' एवढ्या शब्दांवर ट्रायल सापडत नाही. दर ट्रायल एका अगदी लहान खणासाठी असते आणि तो खण रिपोर्टमधल्या चार-पाच शब्दांवर ठरतो.

पहिला शब्द पेशींच्या प्रकाराचा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा बहुधा वरच्या आणि मधल्या भागात होतो. ॲडेनोकार्सिनोमा खालच्या भागात आणि जठराच्या तोंडाशी होतो. हे दोन आजार एकाच नळीत असले तरी औषधांना वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे एकाची ट्रायल दुसऱ्याला सहसा लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट जागा. गाठ अन्ननलिका-जठराच्या सांध्याजवळ असेल तर सीवर्ट प्रकार विचारा. सांध्याच्या वर १ ते ५ सेंटिमीटर असेल तर पहिला, वर १ ते खाली २ सेंटिमीटर या पट्ट्यात दुसरा, खाली २ ते ५ सेंटिमीटर असेल तर तिसरा. तिसरा प्रकार पुष्कळदा जठराच्या ट्रायलमध्ये मोजला जातो. म्हणजे सांध्याजवळची गाठ असलेल्याने दोन्ही अवयवांच्या याद्या पाहायच्या. ही गोष्ट सुटते आणि चांगली ट्रायल नजरेआड राहते.

तिसरी गोष्ट स्टेज: टी (गाठ किती खोल), एन (लिम्फ नोड म्हणजे लसिका गाठींत किती) आणि एम (लांब पसरला का) असे तिन्ही आकडे, आणि ते कशावरून काढले हेही. गाठ भिंतीत किती खोल गेली ते एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड चांगले सांगते, लांब पसरलेला आजार पेट-सीटी दाखवते. नुसत्या साध्या सीटीवर ठरवलेली स्टेज बऱ्याच ट्रायलना पुरत नाही.

चौथी गोष्ट मार्कर, म्हणजे कोणते औषध लागू पडेल हे सुचवणाऱ्या गाठीतल्या खुणा. ॲडेनोकार्सिनोमात हर-टू, मिसमॅच रिपेअर म्हणजेच एमएसआय, पीडी-एल१ आणि आता क्लॉडिन १८.२. स्क्वॅमसमध्ये मुख्यतः पीडी-एल१. हे आपोआप होतीलच असे धरून चालू नका, सांगून करवून घ्या. पीडी-एल१ चा आकडा बहुधा सीपीएस या मापात येतो. रंग घेतलेल्या गाठीच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्या पेशी) यांची बेरीज करून तिला गाठीच्या जिवंत पेशींच्या संख्येने भागायचे आणि शंभराने गुणायचे. हा आकडा ५ आहे की १०, यावर प्रवेश ठरू शकतो. मोजायला नमुन्यात किमान १०० जिवंत पेशी लागतात. एंडोस्कोपीतले तुकडे अगदी बारीक असतात, म्हणून पहिल्याच एंडोस्कोपीत ६ ते ८ तुकडे घेतलेले बरे. दोनच तुकडे घेतले की निदान होते, मार्करसाठी काही उरत नाही आणि पुन्हा नळी घालावी लागते.

कर्करोग अजून झालेला नसेल तर

बॅरेट अन्ननलिका म्हणजे आम्लाच्या माऱ्याने खालच्या भागातले नेहमीचे अस्तर जाऊन आतड्यासारखे अस्तर येणे. त्यात पेशी बिघडू लागल्या की डिसप्लेशिया, आधी लो-ग्रेड आणि मग हाय-ग्रेड. इथे ट्रायलसाठी तीन गोष्टी हातात हव्यात.

पहिली म्हणजे प्राग मोजमाप. सी३ एम५ असे लिहिले असेल तर अस्तर नळीच्या पूर्ण घेराभोवती ३ सेंटिमीटर आणि सर्वांत लांब जीभ ५ सेंटिमीटर वर गेली आहे. 'शॉर्ट सेगमेंट बॅरेट' एवढेच लिहिलेला रिपोर्ट ट्रायलवाले परत पाठवतात.

दुसरी म्हणजे बायोप्सी कशा घेतल्या त्याची नोंद. सिएटल पद्धतीत दर २ सेंटिमीटरला चार दिशांनी तुकडे घेतात, डिसप्लेशिया आधीच माहीत असेल तर दर १ सेंटिमीटरला, आणि उंचवटा किंवा खड्डा दिसला तर त्याचे वेगळे.

तिसरी गोष्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत, आणि या तिघींत हीच सगळ्यात महत्त्वाची. लो-ग्रेड डिसप्लेशिया हे निदान फार डळमळीत असते. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका फेरतपासणीत १४७ जणांच्या स्लाइड तज्ज्ञांनी पुन्हा पाहिल्या, तेव्हा ८५ टक्के लोकांचे निदान खाली आले, म्हणजे तो डिसप्लेशिया नव्हताच किंवा खात्रीने म्हणता येण्यासारखा नव्हता. जळजळ चालू असताना घेतलेल्या तुकड्यात सुजलेल्या पेशीही बिघडलेल्या वाटतात. म्हणून आधी सुमारे ८ आठवडे आम्ल दाबणारे औषध नीट घेऊन मग पुन्हा बायोप्सी करणे शहाणपणाचे. जवळपास प्रत्येक चांगली ट्रायल स्लाइड स्वतःच्या केंद्रात मागवून पुन्हा वाचते. तिथे निदान बदलले तर वाईट वाटून घेऊ नका. ट्रायल मिळाली नाही, पण आजारही एक पायरी मागे गेला.

या टप्प्यावरच्या ट्रायल साधारण तीन जातींच्या.

एक, अस्तर जाळणाऱ्या किंवा गोठवणाऱ्या. रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशनचा (उष्णतेने अस्तर जाळण्याचा) पाया ज्या ट्रायलने घातला तिचे नाव एम डिसप्लेशिया. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या ट्रायलमध्ये १२७ जण होते. हाय-ग्रेड डिसप्लेशिया उपचार गटात ८१ टक्के लोकांत पूर्ण गेला, नियंत्रण गटात, म्हणजे तुलनेच्या गटात, १९ टक्क्यांत. मात्र सुमारे ६ टक्के लोकांची अन्ननलिका अरुंद झाली आणि फुगा घालून रुंद करावी लागली. नियंत्रण गटाला 'शॅम' म्हणजे देखाव्याची प्रक्रिया दिली होती: एंडोस्कोपीची नळी घातली, उपचार केला नाही. अशी ट्रायल समोर आली तर शॅम गटाला शेवटी खरा उपचार मिळतो का, आणि कधी, हे विचारा. २०१४ च्या सर्फ ट्रायलमध्ये पक्का ठरलेला लो-ग्रेड डिसप्लेशिया असलेले १३६ जण होते. ३ वर्षांत आजार पुढे सरकला तो ॲब्लेशन गटात १.५ टक्के आणि नुसत्या देखरेखीच्या गटात २६.५ टक्के लोकांत. या आकड्यांमुळे आज कोणी पक्क्या डिसप्लेशियात 'काहीच न करणारा' गट ठेवत असेल, तर त्याचे कारण मागून घ्यायलाच हवे.

दोन, औषधाने आजार रोखू पाहणाऱ्या. ॲस्पेक्ट ट्रायलचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात २५५७ जण होते आणि मध्यक (निम्म्यांचा त्याहून जास्त, निम्म्यांचा कमी) पाठपुरावा ८.९ वर्षांचा. एसोमेप्राझोल (आम्ल दाबणारे औषध) ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा की २० मिलिग्रॅम एकदा, आणि सोबत ॲस्पिरिन द्यावे की नाही, अशी तुलना होती. मृत्यू, कर्करोग आणि हाय-ग्रेड डिसप्लेशिया यांचा एकत्रित विचार केला तेव्हा जास्त डोस सरस ठरला आणि ॲस्पिरिन जोडल्यावर परिणाम सर्वांत चांगला दिसला. पण लक्षात घ्या, अशा ट्रायलमध्ये शिरणे म्हणजे पुढची आठ-नऊ वर्षे एकच गोळी आणि ठरलेल्या एंडोस्कोप्या. जीवनसत्त्वांवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी जुना दाखला आहे: चीनमधल्या लिनशियान भागात स्क्वॅमस डिसप्लेशिया असलेल्या ३३१८ लोकांना ६ वर्षे जीवनसत्त्वे आणि खनिजे किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला सारखी गोळी) दिले गेले. १९९३ मध्ये निकाल आला. कर्करोगात ठोस घट झाली नाही.

तीन, शोधण्याच्या आणि देखरेखीच्या पद्धती तपासणाऱ्या. धाग्याला बांधलेली कॅप्सूल गिळायची, पोटात ती विरघळून स्पंज फुलतो, तो ओढून काढला की अस्तराच्या पेशी चिकटून येतात. ब्रिटनमधल्या बेस्ट३ ट्रायलमध्ये १३,२२२ जणांची विभागणी झाली. ज्या गटाला ही तपासणी देऊ केली त्यात १४० जणांना बॅरेट सापडले, नेहमीच्या पद्धतीत १३ जणांना. अशा ट्रायलना धोका सर्वांत कमी आणि प्रवेश सर्वांत सोपा.

स्क्वॅमस प्रकारातली पूर्वावस्था लुगोल आयोडीन फवारून पाहतात. निरोगी भाग तपकिरी होतो, बिघडलेला फिका राहतो. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा आजार असेल तर आधीच सांगा.

कर्करोग झाला असेल तर: उपचाराचा कोणता क्षण

गाठ फक्त वरच्या थरात असेल तर एंडोस्कोपीतूनच काढतात, त्या ट्रायल थोड्या आणि मोठ्या केंद्रांपुरत्या. खरी गर्दी पुढच्या टप्प्यांत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी काय द्यावे, यावर गेली पंधरा वर्षे झटापट चालू आहे. २०१२ च्या क्रॉस ट्रायलने दाखवले की कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो आठवड्याला एकदा असे पाच वेळा, सोबत २३ भागांत ४१.४ ग्रे रेडिएशन, आणि मग शस्त्रक्रिया केली तर मध्यक आयुष्य ४९.४ महिने होते. नुसत्या शस्त्रक्रियेने २४. नंतर जठराच्या बाजूने फ्लॉट नावाची चार औषधांची केमो आली. ॲडेनोकार्सिनोमात या दोघांची थेट लढत इसोपेक ट्रायलने लावली. ४३८ रुग्ण होते. फ्लॉट गटाचे मध्यक आयुष्य ६६ महिने, क्रॉस गटाचे ३७. निकाल २०२४ मध्ये जाहीर झाला, लेख २०२५ मध्ये आला.

हे इतके तपशिलात सांगण्याचे कारण साधे आहे. ट्रायलमध्ये नाव गेले की चिठ्ठी कुठल्या गटाची निघेल ते आपल्या हातात नसते, म्हणून नव्या औषधाच्या आधी नियंत्रण गट वाचायचा. ॲडेनोकार्सिनोमाची एखादी जुनी ट्रायल अजून चालू असेल आणि तिच्या नियंत्रण गटात क्रॉस असेल, तर इसोपेकनंतर आराखडा बदलला का, हा प्रश्न रास्त आहे. फ्लॉट झेपण्याजोगी तब्येत नसलेल्यांसाठी ती ट्रायल असेल तर उत्तर पटण्यासारखे असू शकते. स्क्वॅमससाठी हा निकाल लागू नाही, तिथे केमो-रेडिएशनचा पाया अजून भक्कम आहे.

केमो-रेडिएशननंतर गाठ दिसेनाशी झाली तर शस्त्रक्रिया टाळता येईल का, हा दुसरा मोठा प्रश्न. नेदरलँड्सच्या सॅनो ट्रायलमध्ये काटेकोर देखरेख करून, आजार परत दिसला तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्यांपेक्षा खालावलेले निघाले नाही. 'शस्त्रक्रिया टळली' एवढेच ऐकून मात्र अशा ट्रायलकडे धावू नका. सुरुवातीला दर काही महिन्यांनी एंडोस्कोपी, खोल बायोप्सी आणि स्कॅन, आणि देखरेख गटातल्या बऱ्याच जणांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. तारीख चुकवणाऱ्या माणसासाठी हा मार्ग नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या ट्रायलमध्ये घड्याळ फार कडक असते. चेकमेट ५७७ मध्ये आधी केमो-रेडिएशन, मग गाठ पूर्ण निघालेली, पण काढलेल्या भागात कर्करोगाचा अंश उरलेला, असे ७९४ जण होते. शस्त्रक्रियेनंतर ४ ते १६ आठवड्यांच्या आतच प्रवेश. जखम चिघळली, शिवण गळली, वजन उतरले आणि सतरावा आठवडा उजाडला की संपले. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून ठेवा आणि पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हाती येताच पाठवा.

या ट्रायलमधून निकाल वाचण्याचाही एक धडा घ्यावा. तिच्यात तपासलेल्या निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या) औषधाने आजार परत येईपर्यंतचा मध्यक काळ ११ वरून २२.४ महिन्यांवर नेला, आणि तेवढ्यावर ते प्रचलित उपचार झाले. पुढे एकूण आयुष्याचे विश्लेषण आले तेव्हा कल औषधाच्या बाजूने होता, पण फरक सांख्यिकीय कसोटीला उतरला नाही. कागदावर 'प्रायमरी एंडपॉइंट', म्हणजे निकालाची मुख्य कसोटी, काय लिहिला आहे ते पाहा. आजारमुक्त काळ, स्कॅनवर गाठ लहान होणे आणि एकूण आयुष्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजार लांब पसरला असेल तर बहुतेक नव्या ट्रायल केमो आणि इम्युनोथेरपीच्या जोडीवर तिसरे काही चढवून पाहतात. ही जोडी ज्यांनी रुळवली त्यांतली कीनोट-५९० ट्रायल ७४९ जणांची होती, २०२१ ची. तिच्या नियंत्रण गटाला केमो अधिक प्लासिबो मिळाले होते. कर्करोगाच्या ट्रायलमध्ये प्लासिबो असे बहुधा चालू उपचाराच्या जोडीला येते. नुसत्या साखरेच्या गोळीवर ठेवतील ही भीती क्वचितच खरी ठरते, पण विचारायला काही जात नाही.

शोध कसा घ्यायचा

दोन ठिकाणे पुरतात: अमेरिकेची सरकारी नोंदवही क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीटीआरपी पोर्टल, ज्यात देशोदेशींच्या नोंदवह्या एकत्र दिसतात. दोन्ही फुकट.

शोधताना अन्ननलिकेचा इंग्रजी शब्द दोन्ही स्पेलिंगने टाका. अमेरिकन स्पेलिंग 'ई' ने सुरू होते, ब्रिटिश 'ओ' ने, आणि सगळीच पोर्टल ते आपोआप जुळवत नाहीत. मग 'गॅस्ट्रोइसोफेजियल जंक्शन', 'बॅरेट' आणि मार्करचे नाव वेगवेगळे शोधा. नुसता अवयव टाकला तर 'सॉलिड ट्यूमर' नावाच्या, अनेक अवयवांसाठी एकत्र असलेल्या ट्रायल सुटतात, म्हणून मार्कर अधिक 'सॉलिड ट्यूमर' असाही एक शोध घ्या.

स्थितीच्या रकान्यात 'रिक्रूटिंग' हवे. 'ॲक्टिव्ह, नॉट रिक्रूटिंग' म्हणजे काम चालू पण भरती बंद. 'अननोन' म्हणजे नोंद दोन वर्षांहून अधिक काळ कोणी ताजी केलेली नाही. केंद्रांची यादी खाली वेगळी असते. ट्रायल चालू असूनही जवळचे केंद्र बंद झालेले असते, असे वारंवार घडते. प्रत्येक ट्रायलचा क्रमांक उतरवून घ्या. अमेरिकन नोंदवहीत तो एनसीटी या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे आठ अंक असतात. फोनवर नावाऐवजी हा क्रमांक सांगितला की निम्मे गोंधळ टळतात.

नोंदवहीत नाव आहे म्हणजे कोणीतरी ती ट्रायल तपासून चांगली ठरवली आहे, असे नाही. नोंद ट्रायल करणाराच करतो. भाग घेण्यासाठी मोठी रक्कम मागणारी, तुलनेचा गट नसलेली, दहा आजारांवर एकच पेशी-उपचार देणारी नोंद दिसली तर पुढे सरका.

अटी वाचताना

पात्रतेची यादी दोन पाने असते, पण अन्ननलिकेच्या रुग्णांना नेहमी अडवणाऱ्या अटी मोजक्याच.

वजन. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त घटले असेल तर काही ट्रायल नाकारतात. या आजारात ते सहज होते. आहारतज्ज्ञाला पहिल्याच आठवड्यात भेटा, गरज पडली तर जेजुनोस्टोमीची (थेट लहान आतड्यात अन्न देणारी) नळी लवकर घाला. नळी असणे बहुतेक ठिकाणी चालते, खंगलेले शरीर चालत नाही. औषध गोळीच्या रूपात असेल तर ती कुटून नळीतून देता येते का हे आधी विचारा, काही गोळ्या कुटल्या की काम करत नाहीत.

स्टेंट. घास उतरत नाही म्हणून धातूचा स्टेंट (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्याची सूचना पटकन येते. पुढे रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेची ट्रायल मनात असेल तर स्टेंटआधी त्या केंद्राला फोन करा. स्टेंटमुळे भोक पडण्याचा धोका वाढतो, स्कॅनवर गाठ मोजणे अवघड होते, आणि काही ट्रायल त्यावरूनच दार लावतात.

फिस्टुला, म्हणजे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक, किंवा गाठ महाधमनीला भिडलेली असणे. इथे नकार जवळपास ठरलेला आणि तो रास्तही, कारण गाठ झपाट्याने विरघळली तर त्या जागी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

'मोजता येण्याजोगा आजार'. रेसिस्ट १.१ या गाठी मोजण्याच्या नियमांनुसार गाठ किमान १० मिलिमीटर आणि लिम्फ नोडची आखूड बाजू १५ मिलिमीटर हवी. गंमत म्हणजे खुद्द अन्ननलिकेतली गाठ पोकळ, हलत्या नळीत असल्यामुळे सहसा मोजण्यायोग्य धरत नाहीत. मोठी गाठ असूनही 'मोजण्याजोगा आजार नाही' हे उत्तर येते ते यामुळे. रेडिओलॉजिस्टकडून नोड आणि इतर ठिकाणांची मापे मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

रक्ताचे आकडे. साधारण अपेक्षा अशी: न्यूट्रोफिल १५०० च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या वर, हिमोग्लोबिन ९ च्या वर, बिलिरुबिन सामान्य कमाल मर्यादेच्या दीडपटीच्या आत. सिस्प्लॅटिन असेल तर मूत्रपिंड आणि कान दोन्ही तपासतात. ५-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही केमो मिळणार असेल तर डीपीवायडी जनुकाची तपासणी करा. त्या जनुकापासून बनणारे, हे औषध मोडणारे एन्झाइम कमी असलेल्या माणसाला नेहमीचा डोस घातक ठरू शकतो.

इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये जुना संधिवात, आतड्याचा दाह असे स्वयंप्रतिकार आजार, दिवसाला १० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि गेल्या ३० दिवसांतली जिवंत लस, यांवर बोट ठेवतात. हिपॅटायटिस बी असेल तर लपवू नका. औषध घेऊन विषाणू आटोक्यात असेल तर कित्येक ट्रायल घेतात, लपवलेला रक्ततपासणीत निघाला की दिवस वाया जातात.

रोजची औषधे सगळी लिहा, काढे आणि पूरक गोळ्यांसकट. आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांमुळे काही तोंडी औषधे नीट शोषली जात नाहीत. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि कॅपेसिटाबिन एकत्र आले की रक्त धोकादायकरीत्या पातळ होते.

फाइल कशी लावायची

केंद्राला पहिल्याच मेलमध्ये एवढे पाठवा: बायोप्सीचा आणि मार्करचा रिपोर्ट, एंडोस्कोपीचा रिपोर्ट फोटोंसह, स्कॅनच्या मूळ डायकॉम फायली, महिन्याभरातले रक्ताचे रिपोर्ट, आतापर्यंतच्या उपचारांची तारीखवार यादी, चालू औषधे, सध्याचे आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन. एका ओळीत रोजची हालचाल लिहा: स्वतःची कामे स्वतः करतो का, दिवसातला किती वेळ पडून असतो. डॉक्टर त्यावरून ईकॉग आकडा देतात, आणि बहुतेक ट्रायल ० किंवा १ मागतात.

स्कॅनच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कोणाच्याही कामाचा नाही. पॅथॉलॉजीचा मेणाचा ब्लॉक कुठल्या प्रयोगशाळेत आहे ते आजच शोधा. ट्रायलला ब्लॉक किंवा रंग न दिलेल्या १०-१५ स्लाइड लागतात. स्लाइड फार आधी कापून ठेवू नका, महिनोन्महिने पडून राहिल्या की पीडी-एल१ सारखे रंग फिके उमटतात. सगळा ब्लॉक एकाच तपासणीत संपवू नका असे प्रयोगशाळेला लेखी सांगा.

संमतिपत्र

ते पंधरा-वीस पानांचे असते आणि घरी नेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिथल्या तिथे सही मागणाऱ्याला नाही म्हणा. वाचून झाल्यावर हे विचारा:

– ट्रायलबाहेर राहिलो तर मला कोणता उपचार मिळेल, आणि नियंत्रण गट त्याहून कमी तर नाही ना?
– टप्पा कोणता? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षित डोस शोधतात, गुण येण्याची खात्री तिथे कोणी देत नाही.
– जास्तीच्या बायोप्सी आणि एंडोस्कोप्या किती, त्यातल्या बंधनकारक किती?
– औषधाशिवायचा खर्च, म्हणजे नेहमीचे स्कॅन, भरती, प्रवास, कोण भरणार?
– इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोणाकडे?
– ट्रायल संपल्यावर औषधाने गुण येत असेल तर ते पुढे मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासन कोऑर्डिनेटर बदलला की संपते.

सही झाली म्हणजे प्रवेश झाला असेही नाही. त्यानंतर स्क्रीनिंग, म्हणजे पात्रतेच्या तपासण्या, सुरू होते, सहसा २८ दिवसांची खिडकी. स्कॅन २९ दिवस जुना झाला की पुन्हा काढावा लागतो. पेट-सीटीच्या दिवशी ४ ते ६ तास उपाशी राहा, आणि मधुमेह असेल तर साखर २०० च्या खाली नसल्यास तपासणी परत फिरवतात. एका आकड्यावरून नाव बाद झाले तर फेरतपासणी करून पुन्हा स्क्रीनिंग करता येते का ते विचारा, पुष्कळ ट्रायलमध्ये एकदा तशी मुभा असते.

आत गेल्यावर

डायरी रोज लिहा: गोळी किती वाजता, उलटी झाली तर किती वेळाने, ताप किती. चुकलेला डोस लपवून दुसऱ्या दिवशी दोन घेणे ही सगळ्यात घातक चूक. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका. इम्युनोथेरपी चालू असताना दिवसाला चार-पाच जुलाब जास्त होणे, नवा कोरडा खोकला किंवा धाप, ही साधी दुखणी समजू नका. औषधाने चेतवलेली प्रतिकारशक्ती आतड्यावर किंवा फुप्फुसावर उलटलेली असू शकते, आणि स्टेरॉइड वेळेत सुरू झाले तर बहुतेकदा आटोक्यात येते. ट्रायलचे कार्ड पाकिटात ठेवा. रात्री दुसऱ्याच रुग्णालयात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरला त्या कार्डावरचा क्रमांक लावायला सांगा.

ॲब्लेशननंतर काही दिवस छातीत दुखते, पातळ आहार लागतो. दोन-तीन आठवड्यांनी घास पुन्हा अडकू लागला तर अन्ननलिका आकसत आहे, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

बाहेर पडायचे असेल तर कारण न देता केव्हाही पडता येते आणि नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. पण बाहेर पडण्याच्या पायऱ्या आहेत: फक्त औषध थांबवणे, तपासण्याही थांबवणे, किंवा साठवलेले नमुने नष्ट करायला सांगणे. कोणती पायरी हवी ते लेखी कळवा. औषध थांबवूनही पाठपुराव्याच्या फोनला उत्तर देत राहिलात, तर तुमची नोंद अर्धवट राहत नाही. आणि पुढच्या ट्रायलकडे वळायचे असेल तर शेवटच्या डोसची तारीख नोंदवून ठेवा: बहुतेक ठिकाणी मधे ३ ते ४ आठवड्यांचे अंतर मागतात, आणि ते त्या तारखेपासून मोजले जाते.